अपडेटनंतर स्क्रीन काळी, म्हणून थेट फॉर्मॅट?

खटपट्या
काल एकाने लिहिलं: "कर्नल अपडेट झाला, रीबूट केलं, नुसती काळी स्क्रीन. लिनक्स हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. मी फॉर्मॅट मारून विंडोज टाकलं, तुम्हीही तेच करा." खाली सगळे माना डोलावतायत. म्हणून हे लांबलचक.

अहो, मशीन मेलेलं नसतं. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. एनव्हिडिया ग्राफिक्स कार्डाचं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा कर्नलला जोडला जाणारा भाग, ज्या कर्नलसाठी बांधलंय त्यावरच लोड होतं. नवा कर्नल आला की डीकेएमएस नावाचं साधन ते परत बांधतं, पण त्या कर्नलचे हेडर्स (बांधायला लागणाऱ्या फायली) असतील तरच. नसले की अपडेट वरवर सुरळीत होतं आणि रीबूटला बोंब. उबुंटू-मिंट या लिनक्सवर ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मेनूच्या, 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नल निवडा, डेस्कटॉप येईल. मग टर्मिनलमध्ये 'डीकेएमएस स्टेटस' बघा. नव्या कर्नलपुढे 'इन्स्टॉल्ड' नाही? चोर सापडला. हेडर्स टाका, मॉड्यूल आपोआप बांधलं जाईल. यात फॉर्मॅट कुठे आला?

साधी_सरळ
"चोर सापडला" म्हणे! ग्रब दिसतो का आधी? उबुंटू एकटंच असेल तर मेनू लपवलेला असतो. कुठे शिफ्ट, कुठे एस्केप, तेही नेमक्या क्षणी. हे जन्मतः माहीत असतं का?

माझी स्क्रीन गेली ती मार्चअखेरीला. मी अकाउंट्सची कामं घेते. क्लायंट फोनवर फोन करतोय आणि मी मोबाइलवर उपाय शोधतेय. एक म्हणतो नोमोडसेट लाव, दुसरा म्हणतो नूवो ब्लॅकलिस्ट कर, तिसऱ्याचं उत्तर दहा वर्षं जुनं. शेवटी भाच्याने फॉर्मॅट मारला आणि मी रात्री काम संपवलं. त्याचं काय चुकलं?

बूटलोडर
हेडर्स असूनही गाडी अडते, ते खटपट्याने सांगितलंच नाही. सिक्युअर बूट (सही नसलेलं काही चालू न देणारी सोय) चालू असेल तर मॉड्यूलवर डिजिटल सही लागते. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला लावतात, रीबूटला निळी स्क्रीन येते. तिथे 'एनरोल एमओके', म्हणजे सहीची चावी नोंदवा, हे निवडायचं असतं. लोक घाबरून 'कंटिन्यू बूट' दाबतात. मग मॉड्यूल बांधलेलं असूनही कर्नल त्याला दारात उभं करत नाही. मॉडप्रोब (मॉड्यूल लोड करायचा आदेश) करून बघा, 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं स्वच्छ लिहून येतं.

तिखटमीठ
मुळात एनव्हिडिया घेतलंच कशाला? एएमडीच्या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, बांधाबांधीची भानगड नाही. लिनक्सकर्त्या टोरवाल्ड्सने २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात कॅमेऱ्यासमोर एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं, तरी तुम्ही शहाणे होत नाही.

खटपट्या
ते बोट किती वर्षं पुरवणार? मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नल मॉड्यूल खुलं केलं. आणि ज्याला कुडा (एनव्हिडिया कार्डावर आकडेमोड चालवायची सोय) लागतं त्याने काय करायचं, एएमडीची आरती?

तिखटमीठ
खुलं केलं ते ट्युरिंग आणि पुढच्या पिढ्यांच्या कार्डांसाठी. त्याआधीच्या पिढीचे पास्कलवाले गेले उडत! ५९० ड्रायव्हरने पास्कलला नारळ दिला. डिसेंबर २०२५ मध्ये आर्च लिनक्सवर सूचना न वाचता ज्या १०८०वाल्यांनी (तेही पास्कलच) अपडेट मारलं, त्यांचा डेस्कटॉप गेला. एयूआरमधून, म्हणजे आर्च वापरणाऱ्यांच्याच पॅकेज-भांडारातून, जुना ५८० ड्रायव्हर आणा म्हणे. आर्च आपणहून जुना कर्नलही ठेवत नाही. तिथे तुमचं हेडर्सपुराण काय कामाचं?

खटपट्या
आर्च घेऊन सूचना न वाचणाऱ्यांबद्दल मला शून्य सहानुभूती आहे.

कोकणकडा
तुमचं ग्राफिक्स घाला चुलीत. अपडेटनंतर केडीई डेस्कटॉपचं सत्र वेलँड या नव्या डिस्प्ले-पद्धतीवर गेलं आणि माझं मराठी टायपिंग बंद! आयबस, म्हणजे टायपिंगचा प्रोग्रॅम, कोपऱ्यात मख्ख बसलाय. हे मोबाइलवरून लिहितोय.

बूटलोडर
सिस्टिम सेटिंग्ज, व्हर्च्युअल कीबोर्ड, तिथे 'आयबस वेलँड' निवडा.

कोकणकडा
व्हर्च्युअल? मी खराखुरा कीबोर्ड बडवतोय!

तिखटमीठ
इनस्क्रिप्ट हा प्रमाण कीबोर्ड लेआउट शिका. तो लेआउट सिस्टिममध्येच असतो, आयबस लागतच नाही.

कोकणकडा
पन्नाशीत बोटांना नवं वळण लावू? मी फोनेटिकवर दोन दिवाळी अंकांचे लेख टाइप केलेत. शिकवू नका.

तिखटमीठ
म्हणूनच सरकारी खात्यांपासून सगळीकडे मराठीची ही दशा. प्रमाण लेआउट आहे, तो नको. जो तो आपलं घोडं दामटणार.

साधी_सरळ
बघा, माझ्या काळ्या स्क्रीनवरून मराठीच्या दशेपर्यंत पोचलात. खटपट्या, मेनूचं उत्तर द्यायचं राहिलं.

खटपट्या
बरं बाई. मेनू लपवायला नको होता, मान्य. /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रबमध्ये टाइमआउट स्टाइल 'मेनू' आणि टाइमआउट ५ करा, मग अपडेट-ग्रब चालवा. पण हे आज, मशीन धड असताना. भाच्याने फॉर्मॅट मारला तेव्हा बॅकअप होता ना?

साधी_सरळ
होता. अकाउंट्सवाली आहे मी, तुमच्यासारखी इंजिनिअर नाही.

कोकणकडा
टायपिंग सुरू झालं. आभार नंतर मानतो, आधी त्या सेटिंगला 'व्हर्च्युअल कीबोर्ड' नाव ठेवणारा सापडू दे.