केंटची हॉप-तोडणी: मापावरून भांडणं का?

प्रश्न: लंडनच्या ईस्ट एंड या गरीब भागातली कुटुंबं सप्टेंबरात इंग्लंडच्याच केंट परगण्यात हॉप, म्हणजे बिअरला कडवट चव देणारी वेलीची फुलं, तोडायला जात. मजुरी मोजायचे कशी, आणि त्यावरून एवढी भांडणं का होत?

उत्तर १: मजुरी बुशेलवर, म्हणजे सुमारे ३६ लिटरच्या टोपलीवर. वेल ओढून खाली घ्यायची, फुलं लाकडी चौकटीला बांधलेल्या गोणपाटात तोडायची, पानं वेचून काढायची. फूल हलकं, पोकळ. मापाड्याने टोपली दाबून भरली की त्याच ढिगाची बुशेलं कमी भरत. म्हणून तो येण्याआधी बाया खालून हात घालून ढीग फुलवून ठेवत. मला यात लबाडी दिसत नाही. दाबून मापणं हीच खरी लूट होती.

उत्तर २: दुसरं भांडण दराचं. एका शिलिंगला (जुनं ब्रिटिश नाणं) किती बुशेल, यावरून संपही होत.

उत्तर ३: राहण्याचे हालही लक्षात घ्या. झोपडीत पेंढ्याचं अंथरूण, पाणी आणि संडास अपुरे. १८४९ मध्ये ईस्ट फार्लीला कॉलऱ्याने ४३ तोडणी-मजूर दगावले. १८५३ मध्ये हार्टलेकच्या लाकडी पुलाचा कठडा तुटून तोडणी-मजुरांची घोडागाडी पूर आलेल्या मेडवे नदीत कोसळली. ३० जण बुडाले, त्यांत आयरिश आणि रोमा (भटक्या जिप्सी) कुटुंबं होती. त्यांचं स्मारक हॅडलोच्या चर्चच्या आवारात आहे.