मदत हवी आहे: आजीच्या पाटलीची साखरपुड्याची अंगठी, कुठे करून मिळेल?

तिसवाडीकर
मंडळी, जरा लवकर सांगा. साखरपुडा पाच आठवड्यांवर आलाय. आजीची पाटली आणि कानातले काप आहेत, त्यांची अंगठी करायची आहे. पणजीत दोन दुकानं फिरलो, दोन्हीकडे एकच उत्तर: "जुनं मोडीत द्या, तेवढ्या किमतीची नवी घेऊन जा." मला मोड घालायची नाही. हेच सोनं आटवून त्याचीच अंगठी हवी आहे. म्हापशातला एक कारागीर तयार आहे, पण आटवताना वजनात घट किती येईल ते आधी सांगत नाही. असं काम करून देणारा भरवशाचा सोनार कोणाला माहीत आहे का? आणि घट किती धरायची?

कुळागर
वजन किती? पाटली भरीव की पोकळ? कापांना खडे आहेत का? अंगठी तुमची की तिची? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

तिसवाडीकर
अंगठी तिचीच. पाटली भरीव. आजी दीड तोळ्याची म्हणायची, पण दुकानातल्या काट्यावर १७.२ ग्राम भरली. काट्यातच गडबड असावी. हॉलमार्क कशावरच नाही. कापांना माणकं आहेत, दोन्हीकडे एकेक मोठं. सोनार सांगा ना कोणीतरी.

सोनकाम
काटा बरोबर आहे. आजीचा तोळा ११.६६ ग्रामचा, आजचा बाजारातला १० ग्रामचा. दीड तोळे म्हणजे साडेसतरा ग्राम होतात. कमी भरलेलं पाव ग्राम आजीच्या हातावर झिजलं.

आमच्या घरात तीन पिढ्या हेच काम, म्हणून सांगतो, घट आधी न सांगणारा कारागीर लबाड नसतो. दागिन्यात डाग, म्हणजे सांधे जोडायचं झाळण, किती, आत लाख किती, मळ किती, हे मुशीत गेल्याशिवाय कळत नाही. उलट आकडा छातीठोकपणे सांगणाऱ्याला मी दोनदा विचारेन. भरीव पाटलीत घट कमी येते. कापांत जास्त, कारण नक्षीच्या प्रत्येक सांध्याला डाग असतो. तुम्ही एवढंच करा: खडे आधी काढून घ्या, वजन लिहून घ्या, आणि आटवताना समोर बसा. अर्ध्या तासाचं काम आहे. समोर बसू देत नसेल तर उठून या.

पाटो_पणजी
एवढा खटाटोप कशाला? सोनं ते सोनं. मोडीत घाला, मोठ्या शोरूममधून लॅबमध्ये वाढवलेल्या हिऱ्याची अंगठी घ्या. हॉलमार्क मिळतो, बिल मिळतं. माझ्या बहिणीला तशीच घेतली, फार सुरेख आहे.

अबोली
पाटो, त्यांनी ते विचारलेलंच नाही. माझ्या आईची मोहनमाळ आम्ही अशीच मोडीत घातली. बदल्यात आलेली साखळी माझ्या गळ्यात आहे, पण ती आईची आहे असं कधी वाटत नाही. सोनं ते सोनं हे दुकानदाराला ठीक.

पाटो_पणजी
मी अनुभव सांगितला. हॉलमार्क नसलेली अंगठी उद्या विकायला गेलात तर भाव पाडून मागतील.

सोनकाम
साखरपुड्याची अंगठी विकायला कोण जातो? तरी हॉलमार्क हवाच असेल तर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी असलेल्या सोनाराकडून काम करून घ्या, तो हॉलमार्किंग केंद्रावर पाठवून सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, उमटवून आणू शकतो. आपल्यासारख्या गिऱ्हाइकाला त्या केंद्रावर फक्त कस तपासून मिळतो.

हिशेबी
विवाहित स्त्री ५०० ग्राम, अविवाहित २५०, पुरुष १००. प्राप्तिकराच्या झडतीत एवढे दागिने जप्त करत नाहीत, १९९४ ची सूचना आहे. घरातलं एकूण वजन किती आहे? आजीकडून आल्याचा काही कागद जपून ठेवा.

तिसवाडीकर
आमच्याकडे झडती घ्यायला कोणी येणार नाही हो. एक पाटली आणि काप, एवढंच आहे.

दर्यादेग
गोव्यात जुन्या सोन्याचा विषय निघाला की मला बांको नासियोनाल उल्त्रामारिनो ही पोर्तुगीज बँक आठवते. लोकांनी तिथे गहाण ठेवलेले दागिने १९६१ मध्ये मुक्तीच्या आधी लिस्बनला गेले ते १९९१ मध्ये परत आले. तीस वर्षं! माझ्या पणजीच्या साखळीची पावती आमच्या कपाटात अजून आहे. साखळी कोणी सोडवली की नाही, हे सांगणारं मात्र कोणी उरलं नाही. तुमच्या हातात वस्तू आहे, ती घाईने आटवू नका.

कुळागर
पाटल्या जोडीनेच असतात. दुसरी कुठे आहे? आणि आजीला मुलं किती? गोव्यात मुलगा-मुलगी सारखेच वारस, मृत्युपत्र केलं तरी मुलांना डावलून निम्म्याहून जास्त मालमत्ता देता येत नाही. वाटणी झालेली नसेल तर पाटली एकट्या तुमची नव्हे.

तिसवाडीकर
दुसरी आत्याकडे. आजीनेच दोघांना एकेक दिली, बाबांना आणि तिला. काप आईला दिले होते, आईने मला दिले. कोणाची हरकत नाही. फक्त आत्याला आटवायचं सांगितल्यापासून तिचा फोन नाही.

पाटलीच का, ते सांगतो. तिच्या आतल्या कडेला बोटभर जागा सपाट झाली आहे. आजी आदोळीवर नारळ खवायला बसायची तेव्हा पाटली तिथेच लाकडाला घासायची. पाटली बंद करायचं मळसूत्र तुटलं तरी दोरा बांधून घालायची. जिच्याशी लग्न ठरलंय तिने आजीला पाहिलं नाही. काप आजी चवथीला आणि लग्नकार्यालाच घालायची. रोज हातात होती ती पाटलीच.

अबोली
मग ती सपाट जागाच तुम्ही मुशीत घालणार? तिला पाटली दाखवा की! आत्या त्यासाठीच गप्प असेल.

सोनकाम
कापांचं वजन किती ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही. अंगठीला १७ ग्राम लागत नाही.

तिसवाडीकर
आज केंद्रावर जाऊन आलो. खडे काढून काप ४.१ ग्राम. कस ८५ टक्के. पाटलीचा ९०, पण मळसूत्राच्या सांध्याजवळ ८३ आला. एकाच दागिन्यात दोन आकडे कसे?

सोनकाम
सांध्याला डागाचं हीण असतं. शिवाय ते यंत्र फक्त वरचा थर बघतं. खरा कस आटवल्यावर.

आता हिशेब बघा. ४.१ ग्रामच्या ८५ टक्के म्हणजे जवळपास साडेतीन ग्राम शुद्ध सोनं. अंगठी १८ कॅरेटची करा, म्हणजे ७५ टक्के. तांबं-चांदी मिसळून त्याचं साडेचार ग्रामच्या वर होतं. घट गेली तरी चार ग्रामची बायकी अंगठी आरामात बसते. २२ कॅरेट मऊ असतं, खडा धरणाऱ्या नख्या रोजच्या वापरात उघडतात. पाटलीला हात लावायची गरजच नाही.

खड्यांचं म्हणाल तर ती माणकं भिंगाखाली दाखवून घ्या. कारखान्यातलं माणिक विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बाजारात आहे, आजीच्या काळच्या दागिन्यांत ते भरपूर सापडतं. आत वाकड्या रेषा दिसल्या तर ते तेच. तरी कठीणपणा खऱ्याएवढाच, अंगठीत बिनधास्त बसवा. त्यांच्या जागी मोती असता तर नको म्हटलं असतं, महिनाभरात ओरखडे पडतात.

पाटो_पणजी
कारखान्यातलं माणिक चालतं, मग माझा हिरा का नको?

अबोली
कारण हे आजीच्या कानात होतं.

तिसवाडीकर
रेषा दिसल्या. आईला थोडं वाईट वाटलं, मला नाही. तोच खडा बसवणार.

पण मग पाटलीचं काहीच अंगठीत येणार नाही. तुटलेल्या मळसूत्राचा तुकडा आईने काड्यापेटीत ठेवलाय, अर्धा ग्रामही नसेल. तो कापांबरोबर मुशीत घातला तर चालेल का? हीण असलं तरी?

सोनकाम
चालेल. कारागिराला आधी सांगा, तो एकूण कस बघून तांबं कमी घालेल. आणि त्याच फेरीत पाटलीला नवं मळसूत्र बसवून घ्या.

तिसवाडीकर
देव बरें करूं. मग म्हापशाच्याच कारागिराकडे जातो, समोर बसू देतो म्हणाला. मंगळवारी.

कुळागर
तिच्या बोटाचं माप घेतलंत का? संध्याकाळी घ्या, उन्हातून आल्या आल्या नको, बोटं सुजलेली असतात.

तिसवाडीकर
नाही घेतलं. आज घेतो.

आत्याचा फोन आला. पाटली आटवत नाही म्हटल्यावर बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, मंगळवारी मीही येते, माझ्या पाटलीचंही मळसूत्र ढिलं झालंय.