सीरीन तांबटाने सुटकेचे चाळीस हजार आणले कुठून?

इतवारीवाला:
मंडळी, आमचं इतवारीत तांब्या-पितळेचं दुकान. कल्हईला भांडी आणणाऱ्या मोमिनपुऱ्यातल्या चाचांनी सांगितलं की स्वप्नांचा अर्थ सांगणारे बसऱ्याचे इब्न सीरीन, त्यांचे वडील सीरीन तुमच्याच धंद्यातले. तांब्याच्या कढया घडवायचे. गाव इराकातलं जर्जराया, कामासाठी तिथल्याच ऐन-अत-तम्रला गेले आणि 633 मध्ये अरब सेनापती खालिद बिन वलीदच्या फौजेच्या हाती सापडले. पुढे पैगंबरांचे सोबती अनस बिन मालिक यांचे गुलाम. चाळीस हजार दिरहम भरून सुटले म्हणे! एक गुंडी मठारायची तर दंड भरून येतात बावा, ठोक्याला ठोका लागावा लागतो. मजुरीतून एवढे पैसे कसे जमतील?

महालकर:
मजुरीतून नाहीच जमत. त्याच काळातला दुसरा एक कैदी, इराणी अबू लुलुआ, सुतारकाम-लोहारकाम जाणणारा, मालकाला रोज दोन दिरहम द्यायचा. त्या दराने चाळीस हजार फेडायला चोपन्न-पंचावन्न वर्षं लागतील.

सीरीननी पैसा केला व्यापारात. तुस्तर हे इराणी शहर अरब फौजेने जिंकलं तेव्हा ते तिथे होते. लुटीतलं जुनंपानं सामान स्वस्तात उचललं आणि नफ्यात विकलं. म्हणजे इराणी शहर लुटलं गेलं आणि त्यातून सासानी, म्हणजे तेव्हाच्या इराणी साम्राज्याच्या मुलखातला कैदी सुटला! मोडीत माल कोणता हे तांबटाला कळणारच, तुम्हाला वेगळं काय सांगू.

त्याआधीची भानगड तर आणखी भारी. ठरलेली रक्कम फेडली की गुलाम मोकळा, अशा कराराला मुकातबा म्हणतात. सीरीननी तो मागितला, अनस नाही म्हणाले. हा गडी थेट खलिफा उमरकडे! उमरनी सांगूनही अनस ऐकेनात, तेव्हा कुराणातली आयत म्हणत कोरडा हाणला. मग करार झाला. पुढे सीरीन सगळी रक्कम एकदम घेऊन गेले, तर अनस म्हणे हप्त्यानेच घेईन. पुन्हा उमर. ते म्हणाले, अनसला वारसा हवाय. कारण हप्ते फिटायच्या आत गुलाम मेला तर त्याची मालमत्ता मालकाची.

वर्धा रोड:
रक्कम कुठे चाळीस हजार, कुठे वीस हजार सांगतात. तुस्तरच्या कथनात वीस आहे. पण वीस घेतले तरी रोजंदारीवर सत्तावीस वर्षं. उमर 644 मध्ये मारले गेले, म्हणजे हा सगळा व्यवहार कैदेपासून अकरा वर्षांत उरकला.

इतवारीवाला:
हप्ते नको, रोख घ्या म्हणणारं गिऱ्हाईक आम्हाले तर दिसत नाही! सुटल्यावर संबंध तुटले का मग?

महालकर:
छे. सुटलेला माणूस जुन्या मालकाचा मौला, म्हणजे आश्रित म्हणून जोडलेलाच राहतो. मुलगा मुहम्मद, म्हणजेच इब्न सीरीन, पुढे कापडाचा व्यापारी झाला. तेलाच्या सौद्यात बुडाला, एका बुधल्यात उंदीर निघाला म्हणून सगळं तेल ओतून टाकलं आणि कर्जापायी तुरुंगात गेला. तेवढ्यात अनस वारले. माझ्या मयतीला आंघोळ इब्न सीरीननेच घालावी, असं ते सांगून गेले होते, त्यामुळे त्याला तेवढ्यापुरतं बाहेर सोडावं लागलं.