जनुकशास्त्रात पीएचडी: उंदीर की फळमाशी?

प्रश्न: एमएससी झालंय, पीएचडी जनुकशास्त्रात करायची आहे. एका लॅबमध्ये उंदरांवर काम चालतं, दुसरीत फळमाशीवर. विषय दोन्हीकडचे आवडीचेच. निवडताना काय बघू?

उत्तर १: आधी पिढीचा काळ मोजा. फळमाशीची पिढी २५ अंश सेल्सिअसला साधारण १० दिवसांत होते. उंदराचा गर्भकाळ ३ आठवडे, वयात यायला आणखी ६ ते ८. पिढीमागे अडीच-तीन महिने धरा. १० पिढ्या बॅकक्रॉस (जनुकबदल असलेल्या उंदराचा दर पिढीत एकाच ठरावीक वाणाशी संकर) करायचा म्हटलं तर दोन-अडीच वर्षं पैदाशीतच गेली! म्हणून हवा तो वाण लॅबमध्ये तयार आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

उत्तर २: बॅकक्रॉस करताना मार्कर (डीएनएमधल्या ओळखखुणा) बघून निवड केली तर ५ पिढ्यांत भागतं. खरी गोची वेगळीच. क्रिस्परने (जनुक बदलायच्या तंत्राने) बदललेला पहिल्या पिढीतला उंदीर बहुधा मोझेक असतो, म्हणजे त्याच्या सगळ्या पेशींत बदल सारखा नसतो. शेपटीच्या तुकड्यात बदल दिसला म्हणजे बीजपेशींतही असेलच असं नाही. पुढच्या पिढीचा डीएनए सिक्वेन्स केल्याशिवाय (त्याचा क्रम वाचल्याशिवाय) त्या वाणावर प्रयोग उभारू नका.

उत्तर ३: माशीचंही एक झेंगट आहे. उंदराचे शुक्राणू गोठवून ठेवता येतात, माश्यांच्या कुप्या मात्र १८ अंशांना ठेवल्या तरी साधारण ४ आठवड्यांनी बदलाव्याच लागतात. सुट्टीतसुद्धा.