मदत हवी आहे : दादरच्या फुलबाजारात फोटोवर पट्टे येतात

रविवारी पहाटे साडेपाचला दादर पश्चिमेच्या फुलबाजारात गेलो होतो. उजाडायच्या आत गाळ्यांवर एलईडी बल्ब आणि ट्यूबलाइटचाच उजेड असतो. घरी येऊन बघतो तर झेंडूच्या ढिगावर आडवे काळपट पट्टे, एकाआड एक.

कॅमेरा मिररलेस, लेन्स ३५ मिमी एफ/१.८, आयएसओ ३२००, शटर १/५०० सेकंद. आधी सायलेंट मोड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर होतं (यात सेन्सर ओळीओळीने वाचला जातो). मेकॅनिकल, म्हणजे पडद्याचं शटर केल्यावर पट्टे फिके झाले, पण एका फ्रेमचा अर्धा भाग पिवळट, अर्धा बरा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून एक पूर्ण लुकलुक मावेल असं शटर १/१०० ठेवून पाहिलं. बहुतेक गाळ्यांवर पट्टे गेले. पण हार ओवणाऱ्या मावशींची बोटं इतकी भराभर चालतात की सुई-दोरा नुसता धूसर! शिवाय एका गाळ्यावरच्या नव्या एलईडी पट्टीखाली १/१०० लाही पट्टे आहेतच.

फ्लॅश वापरायचा नाही. धंद्याच्या वेळी लोकांच्या डोळ्यांवर उजेड मारणं मला पटत नाही. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकरची (दिव्यांची लुकलुक ओळखून फोटो घेण्याची) सोय नाही आणि नवीन बॉडी सध्या परवडणार नाही. रॉ फाइल्स (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइल्स) आहेत, पण प्रत्येक फोटोतले पट्टे हाताने पुसत बसणं जिवावर येतं.

तर १/२५० च्या आसपास बर्स्ट (सलग भराभर फोटो) मारून त्यातली बरी फ्रेम निवडायची, की १/१०० वरच राहून बोटं क्षणभर थांबतात तेव्हा टिपायचं? आणि त्या हट्टी एलईडी पट्टीसाठी शटर किती ठेवता?