लॅम्डामधून फाइल अपलोड: ५ एमबीला ४१३ येतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, एक फॉर्म आहे, लोक त्यात पीडीएफ नाहीतर फोटो टाकणार, मागे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर एपीआय गेटवे (बाहेरच्या रिक्वेस्ट आत पाठवणारं दार) आणि नोडमधलं लॅम्डा फंक्शन (रिक्वेस्ट आली की तेवढ्यापुरता चालणारा कोड). छोट्या फाइली मस्त जातात, ५ एमबीची टाकली की थेट ४१३ (रिक्वेस्ट फार मोठी असल्याचा एरर). गेटवेचं लिमिट १० एमबी, लॅम्डाचं ६, मग ५ ला काय धाड भरली म्हणून शोधत बसलो तर कळलं की बायनरी फाइल फंक्शनकडे बेस६४ (बाइट्स साध्या अक्षरांत लिहिणं) होऊन जाते, म्हणजे आकार एक तृतीयांशाने फुगतो आणि ६ मधले हातात उरतात जेमतेम साडेचार. मेमरी वाढव, टाइमआउट वाढव असले सल्ले प्लीज नकोत, त्याचा इथे काही संबंध नाही. फाइलचे तुकडे पाठवून फंक्शनच्या तात्पुरत्या टीएमपी फोल्डरमध्ये जोडायचा विचार होता पण पुढची रिक्वेस्ट फंक्शनच्या त्याच चालू प्रतीवर (इन्स्टन्सवर) येईल याची काय गॅरंटी, म्हणून सोडला.

आता फंक्शन फक्त सही केलेली पुट लिंक (अपलोडची परवानगी असलेली) देतं आणि ब्राउझर फाइल थेट एस३ बकेटमध्ये (अ‍ॅमेझॉनच्या फाइलसाठ्यात) टाकतो. चालतंय छान, पण फाइल आता माझ्या कोडच्या हाताखालून जातच नाही ना! २० एमबीच्या वरची अडवायची कशी? कुणी भलतंच काहीतरी पीडीएफ नाव देऊन ढकललं तर? आणि डेटाबेसमध्ये नोंद कधी करायची, ब्राउझरने 'झालं' सांगितल्यावर केली आणि तेवढ्यात कुणी टॅब बंद केला तर फाइल राहील लटकत.

प्रतिसाद १:
पुट सोडा, प्रीसाइन्ड पोस्ट (आधीच सही केलेला अपलोड फॉर्म) वापरा. त्याच्या पॉलिसीत कंटेंट-लेंग्थ-रेंज (आकाराची मर्यादा) देता येते, २० एमबीच्या वर गेलं की एस३ स्वतःच नाकारतं. फक्त फॉर्म डेटामध्ये फाइल सगळ्यात शेवटी जोडा, तिच्यानंतरची फील्ड्स एस३ बघतच नाही (यात भले भले अडकतात).
कंटेंट-टाइप (फाइलचा प्रकार) ब्राउझर सांगेल तो, त्यावर विसंबू नका. बकेटच्या इव्हेंटवर (नवी फाइल आल्याच्या सूचनेवर) दुसरं फंक्शन चालवा, रेंज हेडर देऊन फाइलचे सुरुवातीचे थोडेच बाइट वाचा, खरा प्रकार तिथेच कळतो. लिंक देतानाच डेटाबेसमध्ये 'बाकी' अशी नोंद करा, तपासणीत पास झाली की 'झालं', मग टॅब उघडा असो की बंद. पास झालेली फाइल मात्र वेगळ्या बकेटमध्ये हलवा, त्याच जागी परत लिहिली तर इव्हेंट पुन्हा सुटेल, फंक्शन स्वतःलाच बोलावत बसेल आणि बिल बघून घाम फुटेल.

धागाकर्ता:
भारी, पोस्टने आकाराचं काम झालं! पण दुसऱ्या फंक्शनला काही फाइली सापडतच नाहीत, 'नो सच की' (अशी 'की', म्हणजे बकेटमधलं फाइलचं नाव, नाहीच) येतं, बकेटमध्ये बघितलं तर फाइल समोर दिसतेय. नावात स्पेस किंवा देवनागरी असेल तरच होतंय हे.

प्रतिसाद १:
इव्हेंटमध्ये 'की' यूआरएल-एन्कोड होऊन येते, स्पेसचा प्लस होतो. आधी प्लसचा स्पेस करा, मग डीकोड करा, मग गेट मारा (फाइल मागवा). पण मी म्हणतो युजरने दिलेलं नाव 'की' म्हणून ठेवायचंच कशाला, एकाच नावाच्या दोन आल्या तर दुसरी पहिलीवर बसेल. 'की' म्हणून यूयूआयडी (आपोआप बनणारा वेगळा ओळख क्रमांक) ठेवा, मूळ नाव त्या 'बाकी'वाल्या नोंदीत.