बॅटरीवरचा छाटणी कटर वापरण्यापूर्वी

उद्यान समिती सदस्य:
सर्वांना नमस्कार. सोसायटीचा बॅटरीवरचा सिकेटर, म्हणजे फांद्या छाटण्याचा कटर, आता माळीदादांबरोबर काही सभासदही वापरणार आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे. गेल्या रविवारी झुडपे छाटताना मी आडवी आलेली फांदी डाव्या हाताने बाजूला धरली होती. पानांच्या दाटीत पाते दिसेनासे झाले, तरी मी ट्रिगर दाबला आणि हातमोज्याच्या तर्जनीचे टोक सुरीने कापावे तसे सरळ तुटून खाली पडले. मोजा एक माप मोठा होता आणि टोकाशी पोकळी होती, एवढ्यामुळेच बोट वाचले. तो मोजा मी अवजारांच्या कपाटात दर्शनी भागी टांगला आहे. कटर घेण्यापूर्वी प्रत्येकाने तो अवश्य पाहावा.

साध्या कात्रीने छाटताना पात्यात काही भलतेच आले, तर ते हाताला जाणवते आणि आपण थांबतो. मोटरला तसे काही जाणवत नाही. 25 मिलिमीटर जाडीची ओली फांदी जी क्षणात तोडते, तिच्यापुढे बोटाचा काय निभाव लागणार? कटर धरलेला हात पात्याच्या मागे असतो, त्यामुळे खरी भीती दुसऱ्या, मोकळ्या हाताची आहे. माझी आग्रहाची विनंती अशी की, ट्रिगरवर बोट ठेवण्याआधी तो हात कुठे आहे हे डोळ्यांनी पाहावे. फांदी धरणे भागच असेल, तर पात्यापासून निदान वीतभर दूर धरावी आणि दोन्ही हात एकमेकांना ओलांडणार नाहीत असे उभे राहावे.

पहिल्या मजल्यावरील ताई:
जाड चामडी मोजे घेतले तर पुरेसे होणार नाही का?

उद्यान समिती सदस्य:
ताई, ते काट्यांपासून वाचवतात, मोटरच्या पात्यापासून नाही. पाते शरीराला टेकताच मोटर थांबेल अशी सोय काही महागड्या कटरमध्ये असते; आपल्या कटरमध्ये ती नाही. डोळ्यांवर गॉगल मात्र हवाच, कारण तुटलेली काटकी कुठे उडेल ते सांगता येत नाही.

सचिव:
हेज ट्रिमरला, म्हणजे कुंपणाची झुडपे छाटण्याच्या यंत्राला, दोन्ही हातांनी दोन स्विच दाबावे लागतात. मग तो तुलनेने निर्धोक समजावा का?

उद्यान समिती सदस्य:
साहेब, मोकळा हात उरूच नये यासाठीच ते दोन स्विच दिलेले असतात. पण हात अवघडतो म्हणून त्यांतला एक स्विच चिकटपट्टीने दाबून बांधलेला ट्रिमर मी पाहिला आहे, आणि तसे आपल्याकडे कधीही होऊ नये. स्विच सोडल्यावरही पाती क्षणभर चालू राहू शकतात. पात्यांत काटकी अडकली, तर आधी बॅटरी काढावी आणि मगच हात घालावा. पाते पुसताना किंवा धार लावतानाही हाच क्रम ठेवावा. छाटणीपूर्वी झुडपात घरटे किंवा गांधीलमाशांचे पोळे नाही ना, हेही पाहून घ्यावे.

चौथ्या मजल्यावरील काका:
उंच फांद्यांसाठी शिडीवर चढून चेनसॉ (साखळीची यांत्रिक करवत) चालवला तर?

उद्यान समिती सदस्य:
नको, काका. चेनसॉला दोन्ही हात लागतात, मग शिडी धरणार कशाने? जमिनीवर उभे राहून लांब दांड्याचा कटर वापरता येईल, पण तोही फांदीच्या अगदी खाली उभे राहून नव्हे. विजेच्या तारेजवळची फांदी वीज कंपनीला कळवूनच काढावी.

डॉक्टर सभासद:
दुर्दैवाने बोट तुटलेच, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि हात उंच ठेवावा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. तो भाग थेट बर्फात किंवा पाण्यात कधीही टाकू नये, कारण त्याने पेशी खराब होतात. तो रुग्णाबरोबरच ताबडतोब रुग्णालयात न्यावा.

सचिव:
डॉक्टरसाहेबांची सूचना मी आजच छापून कपाटाच्या दारावर, त्या मोज्याशेजारी लावतो. कटरची बॅटरी यापुढे माझ्याकडे राहील आणि कटर नेणाऱ्याने ती काम संपताच काढून परत द्यावी.